गटाच्या हिशेबाचं कोष्टक आपणच मांडूया

मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिकचं आठवतं. आम्ही बोलतोय वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावातून.

गटाची बैठक तासाभरात आटोपते, पण हिशेब लिहिणारीचं काम नंतरच सुरू होतं. तीच बचत पासबुकात, तीच गटाच्या वहीत, तीच ग्रामसंघाच्या अहवालात. ही लिहापुसी मोबाईलवर सोपवता येते. त्यासाठी प्रोग्राम लिहावा लागत नाही, तयार ठोकळे जोडायचे असतात. याला ‘लो-कोड’ म्हणतात. नाव भारी, काम साधं.

गुगल शीट म्हणजे रेघा मारलेली वहीच. एका ओळीत एक सभासद. रकाने तीन: बचत, कर्ज बाकी, व्याज. गटाचा दर महिना दोन टक्के असेल, तर व्याजाच्या रकान्यात आधी बरोबरचं चिन्ह द्यायचं आणि पुढे सांगायचं: कर्ज बाकी गुणिले दोन, भागिले शंभर. १०,००० बाकी असेल तर २०० दिसतील. बाकी ८,००० झाली की तिथे आपोआप १६०. तेच सूत्र खालपर्यंत उतरवलं की बाराही जणींचं व्याज निघालं.

असं कोष्टक घरगुती संगणकावर आलं १९७९ मध्ये, ‘व्हिसीकॅल्क’ नावानं. त्याआधी मोठमोठ्या कचेऱ्यांतही एक आकडा बदलला की अख्खं पान नव्यानं मांडावं लागे.

एक खोच लक्षात ठेवा. रकान्यात नुसता आकडा लिहा. पुढे ‘रुपये’ लिहिलं की मोबाईल त्याला अक्षरं समजतो आणि बेरजेत धरत नाही. बेरीज चुकते, आणि संशय हिशेब लिहिणाऱ्या बाईवर येतो!

हे कोष्टक गावातल्या हुशार पोराकडून करून घेण्यापेक्षा हिशेब लिहिणारीनंच मांडावं, असं आमचं मत. दंड कुणाला, सवलत कुणाला, हे तिलाच ठाऊक. मात्र खातं तिच्या एकटीच्या मोबाईलवर नको. ती माहेरी गेली किंवा फोन बिघडला की गटाचा हिशेब अडकतो. गटाच्या नावानं वेगळं खातं काढा आणि पासवर्ड अध्यक्ष व सचिव दोघींकडे ठेवा. आधार क्रमांक त्यात भरू नका. लिंक मिळेल त्याला हिशेब उघडता येईल, अशी सोयही बंद ठेवा.

कागदी वही चालूच राहू द्या, सह्या-अंगठे तिच्यावरच असतात. पहिले तीन महिने दोन्हीकडे लिहा, आणि बैठकीत मोबाईलवरची बाकी मोठ्यानं वाचून प्रत्येकीला आपल्या पासबुकाशी ताडून पाहायला सांगा.