लॅपटॉपमधील कार्ड रीडर आणि लिनक्समधील हॉटप्लग

संगणक चालू असताना एखादे उपकरण जोडले किंवा काढले असता ऑपरेटिंग सिस्टीमने त्याची आपोआप दखल घेणे, याला हॉटप्लग असे म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या काही लॅपटॉपांत अंगभूत कार्ड रीडरच्या बाबतीत ही दखल घेतली जात नाही. संगणक सुरू करण्यापूर्वी खाचेत घातलेले एसडी कार्ड व्यवस्थित वाचता येते, मात्र नंतर घातलेले कार्ड दिसत नाही. अशा वेळी कार्ड खराब झाल्याचा समज होतो आणि त्यावरील छायाचित्रे गेली असे मानून ते पुन्हा फॉरमॅट केले जाते. प्रत्यक्षात दोष बहुधा कार्डात नसून ओळख पटण्याच्या साखळीत असतो.

रीडरची जोडणी

बाहेरून खाचा सारख्याच दिसत असल्या तरी आतून रीडर यूएसबी किंवा पीसीआय एक्सप्रेस यांपैकी एका मार्गाने जोडलेला असतो. यूएसबीवरील बहुतेक रीडर पेन ड्राइव्हप्रमाणे वागतात व त्यांतील कार्ड ‘एसडीबी’सारख्या नावाने दिसते. पीसीआय एक्सप्रेसवरील रीडरमधील कार्डाला ‘एमएमसीबीएलके०’सारखे नाव मिळते. रियलटेकच्या आरटीएस५२२९ या चिपसाठी ‘आरटीएसएक्स-पीसीआय’ हा ड्रायव्हर आहे, तर एसडीएचसीआय या प्रमाण रचनेच्या रीडरसाठी ‘एसडीएचसीआय-पीसीआय’ वापरला जातो. आरटीएस५१२९ ही चिप मात्र यूएसबीवर असूनही पेन ड्राइव्हसारखी वागत नाही. त्यामुळे केवळ नावावरून जोडणीचा मार्ग ठरवू नये.

दोन वेगळ्या घटना

‘कार्ड दिसत नाही’ या एकाच तक्रारीमागे दोन निरनिराळ्या घटना असू शकतात. पहिल्या प्रकारात रीडर बसवर हजर असतो, पण त्यात कार्ड आल्याचे कर्नेलला कळत नाही. दुसऱ्या प्रकारात खाच रिकामी असताना वीज वाचवण्यासाठी लॅपटॉपचे फर्मवेअर रीडरच बसवरून काढून टाकते. कार्ड घातल्यावर रीडर परत येतो, पण पीसीआय एक्सप्रेसच्या हॉटप्लगची व्यवस्था, म्हणजे ‘पीसीआयईएचपी’ हा ड्रायव्हर, कार्यरत नसेल तर कर्नेलला त्याचा पत्ता लागत नाही. या प्रकारात कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये कितीही फेरफार केले तरी उपयोग होत नाही, कारण ड्रायव्हरला जोडून घेण्यासाठी उपकरणच नसते.

निदान

खाच रिकामी ठेवून संगणक सुरू करावा आणि ‘एलएसपीसीआय’ व ‘एलएसयूएसबी’ या आज्ञांच्या यादीत रीडर आहे का ते पाहावे. मग कार्ड घालून ‘डीमेसेज’मधील कर्नेलचे संदेश तपासावेत. कार्डासह सुरू केल्यावरच रीडर यादीत येत असेल तर दोष दुसऱ्या प्रकारचा आहे. येथे एक गंमतीची अडचण उद्भवते. रीडर केवळ निद्रावस्थेत असेल, तर ‘एलएसपीसीआय’ने त्याची माहिती वाचताच तो जागा होतो आणि कार्ड दिसू लागते. म्हणजे तपासणीची आज्ञाच दोष तात्पुरता घालवते! मात्र हीदेखील एक खूणच आहे. अशा वेळी संशय वीजबचतीवर घ्यावा.

कर्नेलच्या संदेशांत कार्डाची नोंद असूनही फाइल व्यवस्थापकात ते उघडत नसेल, तर हॉटप्लगचे काम झालेले असते. ६४ जीबी व त्याहून मोठ्या एसडीएक्ससी कार्डांवर एक्सफॅट ही फाइल प्रणाली असते. तिचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये ५.४ या आवृत्तीपासून आला, त्यामुळे जुन्या प्रणालीवर तो वेगळा बसवावा लागतो.

उपाय

रीडर बसवर नसेल तर रूट वापरकर्त्याने सिसएफएसमधील पीसीआय बसच्या ‘रीस्कॅन’ या फाइलमध्ये १ हा अंक लिहावा. कर्नेल बसची नव्याने पाहणी करतो आणि रीडर सापडतो. हा उपाय प्रत्येक वेळी करावा लागतो, परंतु निदान पक्के करण्यासाठी त्याच्याइतकी सोपी चाचणी नाही. फर्मवेअर हॉटप्लगचा ताबा सोडत नसेल, तर कर्नेलच्या आरंभीच्या पर्यायांत ‘पीसीआयई-पोर्ट्स’चे मूल्य ‘नेटिव्ह’ ठेवून पाहता येते. हा पर्याय फर्मवेअरला डावलणारा असल्याने संगणक अस्थिर झाल्यास तो काढून टाकावा. निद्रावस्थेच्या दोषात रीडरच्या ‘पॉवर/कंट्रोल’ या फाइलमध्ये ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’ लिहिणे पुरते, मात्र त्यामुळे बॅटरी थोडी अधिक खर्च होते.

पेन ड्राइव्हसारख्या वागणाऱ्या यूएसबी रीडरला कार्ड आले का, हे ठरावीक अंतराने विचारावे लागते. पूर्वी हे काम एचएएल ही स्वतंत्र सेवा करीत असे. २०११ मधील २.६.३८ या आवृत्तीपासून ही सोय कर्नेलमध्येच आली. तिचे मूळ मूल्य ० म्हणजे बंद असते व युडेव्हचा नियम ते २००० मिलिसेकंद करतो. हा नियम गाळलेल्या आटोपशीर प्रणालींवर कार्ड दिसत नाही, ते याच कारणाने.

कार्ड काढताना

हॉटप्लग नीट चालत असला तरी कार्ड आधी अनमाउंट करूनच काढावे. लिहिलेला मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीतच राहतो. तो कार्डावर पोहोचण्यापूर्वी कार्ड उपसले तर फाइल अर्धवट राहते आणि कधी फाइल प्रणालीही बिघडते.