गोठणाऱ्या पाण्याची ताकद

काचेची बाटली काठोकाठ भरून, बूच लावून बर्फाच्या कप्प्यात ठेवली, तर ती तडकते. (तुम्ही करून पाहू नका, मी लहानपणी केले आणि अम्मीची बोलणी खाल्ली.) असे का होते? पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. जागा मिळाली नाही, तर ते काचच काय, लोखंडही फोडते.

कॅनडात काही घरांच्या अंगणात पोहण्याचा तलाव असतो. हिवाळ्यात तेथे पाणी गोठते. तुम्हांला वाटेल, तलाव रिकामा केला की झाले! पण रिकामा तलाव हलका होतो आणि जमिनीतील पाणी त्याला खालून वर उचलू शकते. म्हणून तलावात पाणी राहू देतात. त्यावर बर्फ जमला, तरी त्याला वर सरकायला जागा असते. पाईपांत ती नसते. म्हणून हवा सोडून पाईप कोरडे करतात आणि त्यांना बुचे लावतात.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात थंडी कमी. तेथे गार रात्री पंप चालू ठेवतात, कारण वाहते पाणी लवकर गोठत नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे कडाक्याची थंडी पडली आणि लाखो घरांची वीज गेली. पंप थांबले. ज्यांनी वेळीच बूच काढून पंपातील पाणी सोडून दिले नाही, त्यांच्यापैकी अनेकांचे पंप तडकले.