द्राक्षं आंबट म्हणून काय झालं?

आपल्या होस्टेलवर 'वाइन' हा शब्द उच्चारला की दोन गोष्टी होतात. कोपऱ्यातून शिट्टी येते आणि रेक्टर सर चष्म्यावरून बघायला लागतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, हा लेख पिण्यावर नाही, एका द्राक्षावर आहे. नाव शेनँ ब्लाँ. आमच्या निफाडकडे त्याला सरळ 'चेनिन' म्हणतात. या चेनिनची दोन एकर बाग माझ्या मामांनी हौसेनं लावली आणि २०१० मध्ये स्वतःच्या हातानं तोडली. मी तेव्हा नुकताच शाळेत जायला लागलो होतो. द्राक्ष वाईट होतं का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. थर्ड इयरला फर्मेंटेशन शिकलो तेव्हा कुठे उत्तराचं टोक हाती लागलं.

हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष मूळचं फ्रान्समधलं, लुआर नदीच्या खोऱ्यातल्या आंजू भागातलं. आपल्या थॉमसन सीडलेसशेजारी ठेवलं तर अगदीच गरीब दिसतं. मणी लहान, आत बिया, घड गच्च. तोंडात टाकलं तर आधी गोड लागतं आणि मागोमाग दात आंबतात. पण याची सगळी किंमत त्या आंबटपणातच आहे.

आता थोडी केमिस्ट्री (सिव्हिलवाल्यांनी घाबरू नये). यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे लिटरला २०० ग्रॅम साखर असेल तर वाइन जवळपास १२ टक्क्यांची. साखरेचा हिशोब असा सोपा आहे. आम्लाचं तसं नाही. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिक मात्र उन्हाळ्यात वेल श्वसनात जाळून टाकते. त्यामुळे गरम हवेत पिकलेल्या बऱ्याच जातींची वाइन मिळमिळीत होते, लिंबू न पिळलेल्या पोह्यांसारखी. शेनँ ब्लाँ पूर्ण पिकलं तरी आपलं आम्ल सहजासहजी सोडत नाही.

याचा फायदा काय, ते लुआरकाठच्या वूव्रे गावात दिसतं. तिथे एकाच जातीपासून चार तऱ्हेच्या वाइन होतात. वर्ष थंड गेलं, साखर कमी भरली, तर बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून फसफसणारी वाइन करतात. बरं वर्ष असेल तर कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ संपलेली. त्याहून चांगलं असेल तर निमगोड. आणि शरद ऋतू लांबला तर पूर्ण गोड. गोड वाइनला हे आम्लच तोलून धरतं, नाहीतर ती साखरेचा पाक झाली असती. याच बळावर वूव्रेच्या चांगल्या बाटल्या कित्येक दशकं टिकतात. तरुणपणी सफरचंद-नासपतीचा वास, म्हातारपणी मधाचा.

जवळच्या लेयों नदीकाठी तर बुरशीसुद्धा कामाला लावली आहे! सकाळी नदीवरून धुकं येतं, दुपारी ऊन पडतं. या हवेत बोट्रायटिस नावाची बुरशी मण्याच्या सालीला बारीक भोकं पाडते, पाणी उडून जातं आणि साखर-आम्ल दोन्ही दाट होतात. मजूर एकाच बागेतून अनेक फेऱ्या मारून फक्त तयार मणी वेचतात. हीच बुरशी आपल्याकडे अवकाळी पावसात गच्च घडात शिरली तर माल सरळ कुजतो. बुरशी एकच, हवा वेगळी.

नाशिककडे हे द्राक्ष व्यापारी पातळीवर रुजलं ते १९९० च्या दशकाच्या शेवटी. सुला कंपनीनं २००० मध्ये पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यात शेनँ ब्लाँ होती. आपल्याकडे वेल थंडीनं झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपली जानेवारी ते मार्चमध्ये. सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकच्या थंड रात्री आम्ल जपतात. बऱ्याच ठिकाणी टाकी थंड करून यीस्टला मधेच थांबवतात, थोडी साखर मागे ठेवतात आणि निमगोड वाइन करतात. नवख्यांना ती आवडते.

म्हणजे द्राक्ष चांगलं, जमीन चांगली, हवाही जमणारी. मग घोडं अडलं कुठे?

राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वायनऱ्या वाढल्या, शेतकऱ्यांशी करार झाले. मामांनीही केला. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांचा धंदा बसला. टाक्या भरलेल्या राहिल्या. मामांच्या वायनरीनं आधी पैसे लांबवले, मग माल उचलणंच थांबवलं. थॉमसन असती तर नाशिकला पाठवली असती, नाहीतर बेदाणा केला असता. बियांचं, आंबट, बारीक चेनिन घेणार कोण? परवा मामांना विचारलं तर म्हणाले, "अरे भाच्या, माल गोड झाला होता रे. गिऱ्हाईकच एक होतं."

इथे दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे हे द्राक्ष १७ व्या शतकापासून आहे, 'स्टीन' या नावानं. स्टीन म्हणजेच शेनँ ब्लाँ, हे पानं ताडून पाहून नक्की झालं ते थेट १९६० च्या दशकात! आज जगात सर्वांत जास्त शेनँ ब्लाँ तिथेच आहे. तिथल्या द्राक्ष उत्पादकांनी १९१८ मध्ये के. डब्ल्यू. व्ही. ही सहकारी संस्था काढली. वाइनला न लागलेला माल ब्रँडीसाठी जायचा आणि किमान भाव ठरलेला असायचा. यात दर्जापेक्षा वजनाला महत्त्व आलं हे खरं, आणि १९९० च्या दशकात ही पद्धत मोडीतही निघाली. पण तोवर वेली जगल्या. त्याच जुन्या वेलींच्या शेनँ ब्लाँला आज मान आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. ज्या आंबटपणामुळे वायनरीला एका द्राक्षातून चार वाइन करता येतात, त्याच आंबटपणामुळे शेतकऱ्याला एकच गिऱ्हाईक उरतं. म्हणून असल्या पिकाला नुसता करार पुरत नाही. मंदीतही माल घेणारा दुसरा दरवाजा आधीच बांधून ठेवावा लागतो. मग ती डिस्टिलरी असो, रसाचा कारखाना असो की शेतकऱ्यांची स्वतःची टाकी.

आपल्यातले काही जण उद्या अशा प्लांटचं डिझाइन करतील. टाकीची कपॅसिटी काढताना टाकी भरलेली असेल त्या वर्षाचाही विचार करा, एवढंच सांगायचं होतं.

असो. मेसची घंटा झाली. आजही द्राक्षं नाहीत, केळंच आहे!