परदेशी स्थलांतर करताना घरचा संगणक : काय न्यावे, काय मागे ठेवावे

काला अंब (पानिपत) : पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर, काला अंब येथे विटांनी बांधलेला एक स्तंभ उभा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या तिसऱ्या युद्धाचे हे स्मारक. येथील आंब्याचे झाड रक्ताने काळे पडले आणि त्यावरून या जागेला नाव मिळाले, अशी आख्यायिका आहे. दिल्लीत आलेला मराठी माणूस सवड काढून येथे येतो आणि बहुधा एका ठरलेल्या विषयावर बोलू लागतो. जड सामान आणि बुणगे मागे ठेवून सडे सैन्य पुढे न्यावे, हा सूरजमल जाटाचा सल्ला सदाशिवरावभाऊंनी मानला असता तर काय झाले असते, हा तो विषय. इतिहासकारांचे यावर एकमत नाही. मात्र दूरच्या मुलखात जाताना कोणते सामान कामाचे आणि कोणते बुणगे, हा प्रश्न याच परिसरातील अनेक घरांत आजही वेगळ्या स्वरूपात विचारला जातो.

पानिपतची रिफायनरी, येथील खत कारखाना आणि राजधानी क्षेत्रातील असंख्य कार्यालये यांमुळे देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे या पट्ट्यात येऊन राहिली आहेत. त्यांपैकी कोणाला आखाती देशात नोकरी मिळते, कोणाची मुलगी जर्मनीत शिकायला जाते, कोणी कॅनडात कायमचे स्थायिक होतात. कपडे, भांडी, पुस्तके यांचा निर्णय लवकर होतो. लॅपटॉप तर खांद्यावरच्या पिशवीतून जातो. अडते ते टेबलावरच्या संगणकापाशी. वास्तुरचनाकार, चित्रफितींचे संकलन करणारे, संशोधक विद्यार्थी आणि हौसेने स्वतःच यंत्र जुळवणारे तरुण यांच्यासाठी हा संगणक म्हणजे अनेक वर्षांची कमाई असते. तो विकून टाकावा तर किंमत येत नाही. न्यावा तर भाडे किती पडेल याचा अंदाज येत नाही.

संगणकाची पेटी, म्हणजे कॅबिनेट, बाहेरून एकसंध दिसत असली तरी तिच्यातील वस्तूंचे मोल आणि वजन यांचे प्रमाण अगदी विषम असते. पोलादी सांगाडा, वीजपुरवठा करणारा संच, पंखे आणि मॉनिटर यांनी जागा व्यापलेली असते. मोलाचा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या आणि माहिती साठवणारी डिस्क; हे सर्व मिळून एका लहान पिशवीत मावते. त्यामुळे पूर्ण यंत्र न्यायचे की केवळ हा गाभा, हे प्रथम ठरवावे. यंत्र पाच-सहा वर्षांपूर्वीचे आणि साध्या कार्यालयीन कामाचे असेल तर डिस्क तेवढी काढून घ्यावी व बाकी येथेच द्यावे, असे आमचे मत आहे. मॉनिटर तर सहसा नेऊच नये. त्याचा पडदा पातळ असतो, खोका मोठा होतो आणि परदेशात वापरलेले मॉनिटर स्वस्तात मिळतात. विजेच्या खोळंब्यासाठी ठेवलेला यूपीएस निश्चितपणे मागे ठेवावा. त्यातील शिशाची बॅटरी जड असते आणि विमानाने नेण्यावर निर्बंध असतात.

कळफलकाबाबत मात्र एक अपवाद सुचवावासा वाटतो. इनस्क्रिप्ट मांडणीची देवनागरी अक्षरे छापलेला कळफलक टोरांटोच्या किंवा म्युनिकच्या दुकानात मिळणे कठीण. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी तो कपड्यांच्या घडीत ठेवावा.

वजन कोणते धरतात?

अनेकांची फसगत येथे होते. घरच्या काट्यावर खोका बारा किलो भरतो आणि कुरिअर कंपनी एकोणीस किंवा एकोणतीस किलोचे पैसे सांगते. यात लबाडी नसते. हवाई वाहतुकीत प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक, त्यावर आकारणी होते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्याला कुरिअरसाठी सामान्यतः ५,००० ने भागावे. विमान कंपन्यांच्या मालवाहतुकीत हा भाजक बहुधा ६,००० असतो.

मध्यम आकाराचे कॅबिनेट ४५ सेंटिमीटर लांब, ४५ उंच आणि २१ रुंद आहे असे समजू. चहूबाजूंनी पाच सेंटिमीटरचे मऊ आवरण धरले तर खोका ५५, ५५ आणि ३१ असा होतो. त्याचे आकारमानी वजन सुमारे १८.८ किलो येते. तेच कॅबिनेट घरात पडून असलेल्या ६०, ६० आणि ४० सेंटिमीटरच्या खोक्यात घातले तर हा आकडा २८.८ किलोवर जातो. आतील वस्तू तीच, पण दहा किलोंचे भाडे जास्त. म्हणून खोका बेताचा घ्यावा किंवा मोठा असल्यास कापून लहान करावा.

स्वतः प्रवास करणाऱ्यासाठी सर्वांत किफायतशीर मार्ग बहुधा विमानातील नोंदणीकृत सामानाचा असतो. उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या अनेक विमानांत साध्या वर्गाच्या प्रवाशाला प्रत्येकी २३ किलोंचे दोन नग नेता येतात. आखाती मार्गांवर बहुतेक ठिकाणी एकूण वजनाचा हिशेब असतो. नगाच्या तिन्ही बाजूंची बेरीज सर्वसाधारणपणे १५८ सेंटिमीटरच्या आत हवी. वरील उदाहरणातील लहान खोक्याची बेरीज १४१ होते, म्हणजे तो बसतो. मोठ्याची १६० होते आणि त्याला जादा आकाराचे शुल्क लागू शकते. एक नग अधिक हवा असल्यास त्याचे पैसे आधी संकेतस्थळावर भरावेत. विमानतळावरील खिडकीवर तोच नग बहुधा महाग पडतो. शिवाय ३२ किलोंपेक्षा जड नग बहुतेक विमान कंपन्या प्रवासी सामान म्हणून स्वीकारतच नाहीत.

टपाल खात्याचा पर्याय लहान भागांसाठी उपयोगी आहे. आंतरराष्ट्रीय पार्सलाची मर्यादा अनेक देशांसाठी २० किलो आहे. परंतु नियम अचानक बदलतात, याचा अनुभव नुकताच आला. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने तिकडे जाणारी बहुतेक पार्सले थांबवली. ही सेवा १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली. पार्सल पाठवण्यापूर्वी त्या आठवड्याची स्थिती टपाल कार्यालयात विचारून घेणे इष्ट.

समुद्रमार्गे पाठवायचे असल्यास माल राजधानी क्षेत्रातील तुघलकाबाद किंवा दादरी यांसारख्या अंतर्गत कंटेनर आगारांतून पश्चिम किनाऱ्यावरील बंदराकडे जातो. इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जागा घेतल्यास आकारणी घनमीटरवर होते आणि अनेकदा किमान एक घनमीटर धरला जातो. आपला खोका घनमीटरचा दहावा हिस्साही नसतो. तेव्हा केवळ संगणकासाठी जहाजाचा विचार करण्यात अर्थ नाही. संपूर्ण घराचे सामान जात असेल तरच तो त्यात घालावा. दर विचारताना पलीकडच्या बंदरातील हाताळणी, सीमाशुल्क सोडवणूक आणि घरपोच वाहतूक हे खर्च धरले आहेत का, याचे लेखी उत्तर घ्यावे. निघताना स्वस्त वाटलेला सौदा या खर्चांमुळे महाग ठरू शकतो.

बांधणी

संगणक मोडतो तो बहुधा बाहेरून नव्हे, आतून. खोका पडला की कॅबिनेटला पोचाही येत नाही, परंतु आत लटकलेले जड ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवरील खाचेला हिसका देते आणि ती खाच उखडते. प्रोसेसरवर बसवलेला उंच, धातूचा थंडक, म्हणजे कूलर, असाच धोकादायक असतो. हे दोन्ही भाग काढून वेगळे बांधावेत. प्रोसेसर त्याच्या जागी राहू द्यावा. मात्र कूलर पुन्हा बसवताना उष्णतावाहक लेप नव्याने लावावा लागतो, त्याची नळी सोबत असावी. भाग काढण्यापूर्वी कॅबिनेटच्या आतील सर्व जोडण्यांची छायाचित्रे घ्यावीत. स्क्रू लहान पिशवीत घालून त्यावर नाव लिहावे आणि पेचकस नोंदणीकृत सामानात ठेवावा. धूळ उडवण्यासाठी मिळणारे दाबाखालील हवेचे डबे विमानात चालत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

सुटे भाग स्थिरविद्युतरोधी पिशवीतच घालावेत. रुपेरी किंवा गुलाबी रंगाच्या या पिशव्या दिल्लीच्या नेहरू प्लेसमधील संगणक बाजारात सहज मिळतात. थर्मोकोलचे सुटे मणी कॅबिनेटच्या आत कधीही टाकू नयेत. ते घर्षणाने विद्युतभारित होतात आणि पंख्यांत अडकतात. आतील पोकळी भरण्यासाठी स्थिरविद्युतरोधी फुग्यांचा कागद वापरावा.

बाहेरच्या आवरणासाठी पानिपतकरांना दूर जावे लागत नाही. परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून येथे घोंगड्या विणल्या जातात आणि त्या अतिशय स्वस्त असतात. अशी घोंगडी कॅबिनेटभोवती गुंडाळली तर धक्का चांगला शोषला जातो. अट एकच : कॅबिनेट आधी प्लॅस्टिकमध्ये पूर्ण बंद केलेले असावे, कारण घोंगडीचे तंतू आणि स्थिरविद्युत दोन्ही इलेक्ट्रॉनिक भागांना अपायकारक. जहाजाने जाणाऱ्या मालात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात, कारण तापमान बदलले की कंटेनरच्या छतावर दव साचून खाली ठिबकते. लाकडी पेटी करायची असल्यास लाकडाचा गाभा किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअसवर तापवल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, अन्यथा पलीकडचा विलगीकरण विभाग ती अडवू शकतो. प्लायवूडला ही अट लागू नाही.

डिस्क कोणत्याही परिस्थितीत खोक्यात पाठवू नये. घरातील छायाचित्रे, प्रबंधाची टिपणे, हिशेब हे सर्व तिच्यात असते. ती काढून हातातील सामानात घ्यावी आणि तिची एक प्रत येथे नातेवाइकांकडे ठेवावी. विंडोजमधील बिटलॉकर सुरू असेल तर त्याची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून घ्यावी. भाग काढून पुन्हा जोडल्यावर यंत्र ही किल्ली मागू शकते, आणि ती नसेल तर स्वतःचीच माहिती स्वतःला परकी होते.

विमा उतरवताना पॉलिसीतील बारीक अक्षरे वाचावीत. मालकाने स्वतः बांधलेल्या खोक्यातील यांत्रिक व विद्युत बिघाड अनेक पॉलिसींतून वगळलेला असतो; खोका हरवला तर भरपाई मिळते, आतले कार्ड निकामी झाले तर मिळत नाही.

वीज आणि सीमाशुल्क

भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्टची असते. अलीकडचे बहुतेक वीजपुरवठा संच १०० ते २४० व्होल्टवर आपोआप चालतात. त्यांच्यावरील चिठ्ठीवर तसे छापलेले असते. जुन्या संचांवर ११५ आणि २३० असे आकडे असलेला लहान लाल खटका असतो. २३० वर ठेवलेला संच अमेरिकेत नुसताच सुरू होत नाही. उलट, ११५ वर ठेवलेला संच घेऊन भारतात परतलेल्या माणसाने तो भिंतीला जोडला तर क्षणात जळतो. तारेचे यंत्राकडील टोक सर्वत्र सारखेच असते. त्या देशाच्या प्लगची तार तेथे घेतली की काम भागते.

वापरलेल्या घरगुती वस्तूंवर बहुतेक देश शुल्क घेत नाहीत, परंतु अटी असतात. ब्रिटन आणि युरोपीय संघात वस्तू किमान सहा महिने वापरातील हवी, आधीचे बारा महिने वास्तव्य बाहेर असावे आणि नंतर बारा महिने ती विकता येत नाही. अमेरिकेत घरगुती सामानासाठी एक वर्षाच्या वापराची अट आहे. म्हणून जाण्याच्या आदल्या महिन्यात नवे यंत्र विकत घेऊन नेणे शहाणपणाचे नाही. खरेदीची पावती, अनुक्रमांक आणि वापराची तारीख दाखवणारी यादी प्रवाशाच्या नावे असावी. कॅनडात मागाहून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्या प्रवेशाच्या वेळीच द्यावी लागते.

काही वर्षांनी परतण्याचा विचार असेल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून मौल्यवान वस्तूंचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो, डेस्कटॉपला ती सवलत नाही. यंत्र येथूनच नेले होते, हे हे प्रमाणपत्र दाखवते. मात्र त्यासाठी खोका सामान नोंदवण्यापूर्वी उघडून दाखवावा लागू शकतो, तेव्हा चिकटपट्टीचे एक भेंडोळे जवळ असावे.

मागे राहणारे भाग भंगारवाल्याला देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. चालू स्थितीतील यंत्र एखाद्या शाळेला दिले तर अधिक चांगले.

मुक्कामी पोहोचल्यावर घाई करू नये. थंड गोदामातून उबदार खोलीत आलेल्या यंत्रात दव धरते. ते किमान काही तास, शक्यतो रात्रभर, खोलीतच उघडे ठेवावे. त्यानंतर सर्व कार्डे आणि मेमरीच्या पट्ट्या दाबून नीट बसल्याची खात्री करावी, व्होल्टेजचा खटका पाहावा आणि मगच तार जोडावी.