राख, गुलाब आणि एक गाठ

"अगं, कपाळाला काय लागलंय? थांब, पुसते." मैत्रिणीने पर्समधून वेट टिश्यू काढलासुद्धा. तारीख १४ फेब्रुवारी २०२४. ऑफिसभर लाल फुगे, रिसेप्शनवर गुलाबांची बादली आणि लिफ्टमधून बाहेर पडणारी मी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन. त्या वर्षी राखेचा बुधवार नेमका व्हॅलेंटाइन डेला आला होता. राखेचा बुधवार म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. माणूस मातीचा आहे आणि शेवटी मातीलाच मिळणार, याची आठवण म्हणून फादर कपाळाला राख लावतात. गुलाबी दिवसाला अगदी शोभणारा विषय!

मी काय केलं? टिश्यू घेतला आणि पुसून टाकलं. मीटिंग होती ना.

"तू खरंच हे सगळं मानतेस?" हा प्रश्न मला मास कम्युनिकेशनच्या पहिल्या वर्षापासून विचारला जातोय. त्याचं उत्तर पाठ आहे. बिग बँग सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक फादर होते. विश्व प्रसरण पावतंय, हे त्यांनी १९२७ मध्येच मांडलं. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेलही मठातला. एवढं ऐकलं की समोरचा गप्प होतो आणि आपण निवांत कॉफी पितो.

लमेत्र यांचा एक किस्सा माझा विशेष लाडका. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या खगोलशास्त्राचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा खुद्द लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. आपला सिद्धांत देवाचा पुरावा म्हणून कुणी वापरू नये, असं त्यांचं मत. मी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला होता : सोमवार ते शनिवार बुद्धी, रविवारी मिस्सा. दोघींची भेट होऊ द्यायची नाही, म्हणजे भांडणही नाही.

त्या रात्री वसईला घरी पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. आई जेवायची थांबली होती. तिच्या कपाळावर राख तशीच होती. भाजी वाढता वाढता म्हणाली, "तुला एक सांगायचंय. छातीत गाठ लागतेय."

"कधीपासून?"

"ख्रिसमसच्या आधीपासून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. सगळ्या धर्मांची माणसं तिथे रांग लावतात. आईने नऊ बुधवारांचा नेम धरला होता. वसईहून फास्ट पकडायची, अंधेरीला उतरून स्लो घ्यायची, माहीमला मेणबत्ती लावून परत. मला सांगायची, "मावशीकडे जाऊन येते." आज नववा बुधवार झाला होता. सकाळी राख घेतल्यावर तिने आमच्या फादरांना पहिल्यांदा गाठीचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, नोव्हेना जरूर पूर्ण करा. पण उद्या सकाळी डॉक्टरकडे गेलाच पाहिजेत. आणि आज घरी सांगा."

मी भडकले. नऊ आठवडे! शिकलेल्या घरात हे असं? बुवाबाजीवर लिहिलेले माझे सगळे लेख एका दमात तिला ऐकवले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तू हसशील म्हणून नाही सांगितलं गं."

यावर माझ्याकडे लमेत्रचं उत्तर नव्हतं.

हसले असतेच मी. आदल्याच वर्षी तिच्या रोझरीवर, तीर्थाच्या बाटलीवर डायनिंग टेबलाशी बसून विनोद केले होते आणि सगळे हसले होते. तीही. गाठ तिने नोव्हेनापायी अंगावर काढली, हे खरंच. पण डॉक्टरकडे नेऊ शकणारी मुलगी घरातच असताना तिला ती सांगता आली नाही, ते माझ्यामुळे. माझ्या बुद्धिवादाचा तिला एवढाच उपयोग झाला होता.

मॅमोग्राफी झाली, बायोप्सी झाली. रिपोर्टची वाट बघत असतानाच उपवासकाळाचा पहिला रविवार आला. प्रवचनात फादरांनी मत्तयच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगितली. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, मार उडी, देवदूत झेलतील. येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. त्या दिवशी शेजारच्या आईने माझा हात घट्ट धरला.

रिपोर्ट आला. कॅन्सर, दुसरी स्टेज. आधी ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन मी डेडलाइन सांभाळायचे आणि मधल्या वेळात लूर्दबद्दल वाचायचे. फ्रान्समधलं हे तीर्थक्षेत्र १८५८ पासून आजाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण बरं झाल्याचा दावा केला की तिथे आधी डॉक्टर फाइल तपासतात. तसं वैद्यकीय कार्यालयच १८८३ पासून आहे. बरं होण्याचं श्रेय उपचारांना देता येत असेल तर केस बाद. हजारो दावे आले, पण २०१८ पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते फक्त ७०. म्हणजे माझ्यापेक्षा जास्त संशयी माणसं खुद्द चर्चमध्येच बसलेली!

आईला म्हटलं, "तुझी केस तिथे पहिल्या टेबलावरच बाद. ऑपरेशन झालंय ना तुझं." ती केस गेलेल्या डोक्यावरचा स्कार्फ सारखा करत हसली. म्हणाली, "मला चमत्कार कुठे हवा होता? भीती वाटत होती. कुणीतरी सोबत हवं होतं."

आता तिच्या तपासण्या ठरलेल्या वेळी होतात. दर खेपेला रिपोर्ट हातात पडेपर्यंत पोटात गोळा येतो. प्रार्थनेने पेशी बदलतात, असं मी आजही म्हणणार नाही, आणि माझ्या तशा म्हणण्याला आईची हरकतही नाही. ती रात्रीची गोळी न चुकता घेते आणि मग रोझरी हातात घेते. दोन्हींत तिला कधी भांडण दिसलंच नाही. भांडण माझ्या डोक्यात होतं.

तुमच्या घरातही कुणीतरी उपास धरत असेल, पारायण करत असेल, दर्ग्यावर चादर चढवत असेल. वाद जरूर घाला. फक्त एकदा, न हसता, विचारून बघा : कशासाठी करतेयस?

परवा आई म्हणाली, "बुधवारी माहीमला येतेस?" म्हटलं, डेडलाइन आहे.

"लॅपटॉप घेऊन ये. गाडीत बसायला मिळालं तर लिही. पण अंधेरीला उतरायचंय, तेवढं लक्षात ठेव."