अ‍ॅपने सांगितलेलं फुलपाखराचं नाव बरोबर आहे का? पंखांवरच्या खुणा अशा तपासा



रुईच्या झाडाभोवती काळ्या कडेचं नारिंगी फुलपाखरू फिरताना तुम्ही नक्की पाहिलं असेल. मोबाईल काढायचा, फोटो घ्यायचा, गुगल लेन्समध्ये किंवा आयनॅचरलिस्टवर टाकायचा, की दोन सेकंदांत नाव हजर: प्लेन टायगर. बहुतेक वेळा हे उत्तर बरोबर असतं. पण जवळपास तसंच दिसणारं दुसरं फुलपाखरू आपल्याकडे आहे. ते समोर असलं तरी अ‍ॅप तितक्याच आत्मविश्वासाने ‘प्लेन टायगर’ म्हणू शकतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसात फोटो ओळखणाऱ्या मॉडेल्सवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी फुलपाखरांचे फोटो काढतो. त्यामुळे अ‍ॅप कुठे अडखळतं आणि तिथे आपण काय तपासायचं, हे आज सोप्या भाषेत बघूया.

अ‍ॅपला नक्की काय दिसतं?

आपल्याला वाटतं, फोन १२ मेगापिक्सेलचा आहे म्हणजे अ‍ॅपला सगळं बारीकसारीक दिसत असेल. तसं नसतं. फोटो ओळखणारी बरीच मॉडेल्स चित्र आधी लहान करून घेतात. या क्षेत्रात २२४ × २२४ पिक्सेल हा एक नेहमीचा आकार आहे.

आता हिशोब करू. तुमचा फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे आणि फुलपाखरू त्यातल्या ४०० पिक्सेलमध्ये मावलंय. बाकी सगळी पानं आणि आकाश. हा फोटो २२४ पिक्सेलवर आला की फुलपाखरू उरतं फक्त २२ पिक्सेलचं. पंखावरचा २० पिक्सेलचा ठिपका होतो जेमतेम १ पिक्सेल. म्हणजे ज्या ठिपक्यावरून जात ठरते, तोच गायब!

तोच फोटो फुलपाखराभोवती ६०० × ६०० पिक्सेलचा चौकोन ठेवून क्रॉप केला, तर फुलपाखरू साधारण १५० पिक्सेलचं राहतं आणि ठिपका ७-८ पिक्सेलचा. फोटो तोच, फोनही तोच, पण आता मॉडेलला ठिपका दिसतोय. काही अ‍ॅप्स स्वतः चौकोन आखतात, तरी तो बरोबर जागी आहे का ते बघून घ्या. गुगल लेन्समध्ये तो बोटाने हलवता येतो.

‘९० टक्के’चा अर्थ काय?

मॉडेलकडे त्याला शिकवलेल्या नावांची यादी असते. साधं मॉडेल काय करतं, तर त्या यादीतल्या नावांमध्येच १०० गुण वाटून टाकतं. एमसीक्यूमध्ये ‘यापैकी नाही’ हा पर्यायच नसेल तर आपण उरलेल्यांतलं जवळचं उत्तर निवडतो ना, तसंच. म्हणून ९० टक्क्यांचा अर्थ ‘मला माहीत असलेल्यांपैकी हा फोटो याच्याशी सर्वात जास्त जुळतो’ इतकाच घ्यायचा. तो पुरावा नाही.

फुलपाखरांच्या बाबतीत अडचण दुप्पट होते. दोन वेगळ्या जाती एकसारख्या दिसतात आणि एकच जात दोन-तीन वेगळ्या रूपांत दिसते. कॉमन इव्हनिंग ब्राऊनचंच बघा. पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली ठसठशीत डोळ्यांसारखे गोल असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीत ते गोल अगदी बारीक होतात आणि फुलपाखरू वाळक्या पानासारखं दिसतं. जात तीच, ऋतू बदलला.

तीन जोड्या, तीन खुणा

१. प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लाय मादी. प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाते. रुईच्या वर्गातल्या झाडांमधली विषारी द्रव्यं तिच्या अंगात साठतात, त्यामुळे फुलपाखरू चवीला वाईट लागतं आणि पक्षी एकदा अनुभव घेतला की त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लायची अळी आपल्या घोळाच्या भाजीवरही वाढते, तिच्याकडे हे संरक्षण नाही. मग तिच्या मादीने प्लेन टायगरचा वेषच घेतलाय.

ओळखायचं कसं? पंख उघडे असताना मागच्या पंखाकडे बघा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधल्या भागाभोवती तीन किंवा चार काळे ठिपके असतात: मादीला तीन, नराला चार. एगफ्लाय मादीला मागच्या पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच ठळक ठिपका असतो. गंमत म्हणजे एगफ्लायचा नर अजिबात नारिंगी नसतो. तो काळा असतो आणि त्यावर निळसर-जांभळी झाक असलेले मोठे पांढरे ठिपके असतात.

२. कॉमन रोझ आणि कॉमन मॉर्मन मादी. कॉमन मॉर्मनची अळी लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर वाढते, म्हणजे हे फुलपाखरू तुमच्या बाल्कनीतही येऊ शकतं. त्याच्या मादीची तीन रूपं आहेत. एक नरासारखं, दुसरं कॉमन रोझसारखं, तिसरं क्रिमसन रोझसारखं. रोझ फुलपाखरं विषारी, मॉर्मन बिनविषारी. इथेही वेषांतरच.

पंखावरचे पांढरे पट्टे आणि लाल चंद्रकोरी इतक्या जुळतात की पंखांकडे बघत बसलात तर गोंधळ वाढेल. इथे शरीर बघा. रोझचं अंग लाल असतं, मॉर्मनचं काळं. फोटोत शरीर नीट आलं असेल तर काम तिथेच संपलं!

एकाच जातीच्या मादीला इतकी रूपं येतात कशी? बंगळुरूच्या एनसीबीएसमधले शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवलं की मॉर्मनमध्ये हे वेषांतर ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या ताब्यात आहे.

३. पिवळी ग्रास यलो. गवतावर जमिनीलगत उडणारी ही छोटी पिवळी फुलपाखरं बसली की पंख मिटतात, त्यामुळे फोटो खालच्या बाजूचाच मिळतो. तोच हवा असतो. पुढच्या पंखाच्या आतल्या भागातले बारीक ठिपके मोजा. साधारणपणे कॉमन ग्रास यलोला दोन, थ्री-स्पॉटला तीन आणि वन-स्पॉटला एक. पण ऋतूप्रमाणे खुणा फिक्या होतात आणि मागचा पंख बऱ्याचदा तो भाग झाकतो. ठिपके दिसतच नसतील तर ‘युरेमा’ या गटाच्या नावावर थांबा. अर्धवट पण बरोबर नाव चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कामाचं असतं.

मोबाईलने काय करायचं?

- एक फोटो पुरत नाही. पंख उघडे, पंख मिटलेले आणि बाजूने शरीर, असे तीन तरी मिळवा.
- कॅमेरा पंखाला समांतर धरा. तिरका धरला तर अर्धा पंख धूसर येतो.
- पहिला फोटो लांबूनच काढा, मग सावकाश जवळ जा. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका.
- बऱ्याच स्वस्त फोनमधला मॅक्रो कॅमेरा फक्त २ मेगापिक्सेलचा असतो आणि तो अगदी नाकाशी न्यावा लागतो. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने काढून क्रॉप करा.
- फुलपाखरू स्थिर बसत नसेल तर ४के व्हिडिओ घ्या. त्याची प्रत्येक फ्रेम सुमारे ८ मेगापिक्सेलची असते. पंख उघडल्याच्या क्षणाचा स्क्रीनशॉट न घेता फ्रेम सेव्ह करा.
- मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या फोटोत दर्जा कमी होतो आणि जागा-वेळेची माहितीही निघून जाते. ओळखायला ही माहिती लागते, कारण एखादी जात तुमच्या भागात मिळतच नसेल तर ते नाव बाद करता येतं.
- घराच्या अंगणातला फोटो असेल तर आयनॅचरलिस्टवर लोकेशन ‘ऑब्स्क्युअर्ड’ ठेवा. अचूक पत्ता जगाला कळायची गरज नाही.

‘अ‍ॅग्री’ दाबण्याआधी

एका नावाने एवढा काय फरक पडतो? पडतो. आयनॅचरलिस्टवर तारीख, जागा आणि फोटो असलेल्या नोंदीवर तुमचं एक आणि दुसऱ्या कुणाचं एक, अशी दोन मतं जुळली तरी ती ‘रिसर्च ग्रेड’ होऊ शकते. तिथून अशा नोंदी जीबीआयएफ या जागतिक डेटाबेसमध्ये जातात आणि संशोधक त्या वापरतात. शिवाय लोकांनी नावं दिलेल्या याच फोटोंवर अ‍ॅपचं पुढचं मॉडेल शिकतं. अ‍ॅपने चुकीचं सुचवलं, आपण न बघता होकार दिला, तर तीच चूक ‘बरोबर उत्तर’ म्हणून त्याच्याकडे परत जाते. डॅनेड एगफ्लाय आधीच प्लेन टायगरच्या मानाने कमी दिसतं. त्याच्या मादीच्या नोंदी अशा चुकीच्या नावाखाली गेल्या, तर ती त्या भागात आहे हे कुणाला कळणारच नाही.

म्हणून अ‍ॅपचं उत्तर आलं की एक मिनिट थांबा. त्या जातीसारखं दिसणारं दुसरं कोण आहे ते शोधा. ‘बटरफ्लाईज ऑफ इंडिया’ या वेबसाईटवर भारतातल्या फुलपाखरांचे जातवार फोटो मोफत बघता येतात. दोघांना वेगळं करणारी एक खूण निवडा आणि ती आपल्या फोटोत आहे का बघा. दिसली तर ‘अ‍ॅग्री’ करा, नाही दिसली तर गटाच्या नावावर थांबा.

तुमच्या गॅलरीत ‘प्लेन टायगर’ नावाने पडलेले जुने फोटो असतीलच. आजच उघडा आणि मागच्या पंखावरचे ठिपके मोजा. कुणाच्या फोटोत एकच निघाला तर मला कमेंटमध्ये नक्की कळवा!