भोंग्याचं मशीन, गिटारचा ॲम्प

नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागल्या की कोणत्या फडाला किती सुपाऱ्या मिळाल्या, याचे आकडे छापून येतात. फडाचं सामान मात्र त्या बातम्यांत कुणी मोजत नाही. ट्रान्झिस्टरची हलकी मशीनं आली, मग मिक्सर आले, एलईडीचे पडदे आले. तमाशासम्राज्ञी विठाबाईंच्या काळातली व्हॉल्व्हची मशीनं माळ्यावर गेली. (ॲम्प्लिफायरला मंडपवाले मशीनच म्हणतात.) त्यातलंच एखादं आता जुन्नर, मंचर, घोडेगाव असा पत्ता लावून मोबाइलवर विक्रीला दिसतं. पुढे ठरलेले शब्द: ‘व्हिंटेज’, ‘वर्किंग कंडिशन’. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, गिटार वाजवणारं.

त्यांचं वेड अगदीच खुळं नाही. जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानात १९६२च्या सुमारास जो पहिला मार्शल ॲम्प तयार झाला, त्याची जोडणी अमेरिकन फेंडर बासमनवरून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली होती. फडांतल्या जुन्या अहुजा कंपनीच्या मशीनची जातकुळी फार वेगळी नाही. आळीपाळीने ओढणारे दोन पॉवर व्हॉल्व्ह आणि त्यांच्यामागे एक जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर. निवेदकाचा आवाज फाटला की फडमालक खेकसायचा. गिटारवाला नेमक्या त्याच फाटण्याचे पैसे मोजतो.

पण पैसे कशाचे मोजायचे? जाहिरातीतला फोटो पुढच्या बाजूचा असतो, नॉब चकाकतात. तो बघूच नका. खालचं झाकण काढून पोटातला फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर समजून जा. ‘क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुम्हालाच येतील’ म्हणाला तर फोन ठेवा.

मंचरच्या पेठेत उभा जन्म मशीनं उघडण्यात घालवलेल्या एका मिस्त्रींची पद्धत मला पटते. ते आधी मशीन उचलून बघतात आणि मग वास घेतात. ट्रान्सफॉर्मरचं वॉर्निश जळलं असेल तर तो करपट वास वर्षानुवर्षं जात नाही. व्हॉल्व्ह बदलता येतात. ईएल३४ आजही स्लोव्हाकियात आणि रशियात बनतात. कंडेन्सर तर बदलायचेच, पंधरा-वीस वर्षांत ते सुकतात. जुना आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र गेला की गेला. त्यात प्रायमरी-सेकंडरीचे थर एकाआड एक गुंफलेले असतात. मोटारी भरणाऱ्याकडून तो भरून घेतला तर वाजेल, पण वरचे सूर हरवतील. म्हणून मल्टिमीटर लावून प्रायमरीच्या मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंचा रोध मोजायचा. आतले वेढे आखूड आणि बाहेरचे लांब, त्यामुळे थोडा फरक चालतो. एका बाजूला काहीच दाखवत नसेल तर मशीन खाली ठेवा आणि चहा पिऊन निघा.

वीज त्यानंतर, आणि तीही थेट नाही. विकणारा हौसेने प्लग खुपसायला धावतो, त्याला आवरा. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्यायचा. एलईडी चालत नाही. सगळे व्हॉल्व्ह काढूनही बल्ब भकभकीत पेटला तर बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मर शॉर्ट. व्हॉल्व्ह बसवल्यावर तो क्षणभर उजळून मंदावला पाहिजे. व्हॉल्व्हच्या काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली. फिलामेंट नारिंगी दिसणं ठीक. बाहेरचा करडा पत्रा लाल व्हायला लागला तर ताबडतोब बंद करा, बहुधा ग्रिडमागचा कंडेन्सर गळतोय. आणि हे सगळं स्पीकर जोडूनच. स्पीकरविना व्हॉल्व्हचं मशीन जोरात चालवणं म्हणजे त्याच ट्रान्सफॉर्मरचा बळी देणं. बंद केल्यावरही आत चारशेएक व्होल्ट दबा धरून बसतात. बोट घालू नका.

नॉबची खरखर ऐकून भाव पाडणारे असतात. ती क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. शंभर हर्ट्झची घरघर म्हणजे बहुधा सुकलेले फिल्टर कंडेन्सर, तेही किरकोळ. दोन पिनांची वायर मात्र काढून टाका, तीन पिनांची घाला आणि अर्थिंग चासीला पक्कं करा. स्टीलच्या तारांची गिटार हातात धरून, ओठ माइकला लावून गाणाऱ्यासाठी हा हौसेचा खर्च नाही.

‘व्हिंटेज’ या शब्दाला मी एक रुपयाही जादा देणार नाही. मशीन मुळात भोंग्यांसाठी बनलेलं. मागे १०० व्होल्टची लाइन असते, ती यात्रेत लांबवर टांगलेल्या कर्ण्यांची. गिटारचा स्पीकर ८ किंवा १६ ओहमच्या टोकालाच जोडायचा. माइकच्या इनपुटात गिटार खुपसली तर आवाज बसका येतो, कारण पिकअपला दहा लाख ओहमच्या आसपासचा रोध समोर लागतो. इनपुटात तसा बदल मिस्त्री दुपारभरात करून देतो, म्हणून भाव ठरवताना त्याची मजुरी आणि नव्या कंडेन्सरांचे पैसे आधी वजा करा.